जुना रस्ता, फंजा ते समाइल

महामार्ग झाला तेव्हा
सगळे ट्रक, सगळे टँकर, सगळी घाई
डोंगराच्या कडेने वरून जाऊ लागली
आणि हा रस्ता उरला
बकऱ्यांना, शाळेच्या एका बसला
आणि शुक्रवारी मला.

सायकल रेनाल्डोची.
मनिलाला कायमचा परत जाताना
बारा रियालला देऊन गेला,
वर पंप फुकट आणि एक ताकीद:
तिसरा गिअर टाकू नकोस, रुसतो.
मी टाकत नाही.
तिसऱ्या गिअरवाचून फारसं काही अडत नाही
हे त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

डावीकडे वादी.
म्हणजे नुसते गोटे, पांढरे, राखी,
कुणी तांदूळ निवडायला बसावं
आणि अर्ध्यावर उठून जावं तसे.
मधेच एखादं डबकं, त्यात बोटाएवढे मासे.
उजवीकडे खजुरीच्या बागा, मातीच्या बुटक्या भिंती
आणि भिंतीला लागून फलज:
हातभर रुंद पाट,
पाणी साधारण माझ्याच वेगाने चाललेलं.
कधी मी पुढे, कधी ते.

रस्ता वादीत उतरतो तिथे
लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब.
पाणी लालपर्यंत चढलं तर थांबा.
आज खांबाच्या पायाशी एक चप्पल.
एकच. डाव्या पायाची.

चेन पडली ती चढावर नाही,
सपाटीवर, सावलीत,
जिथे पाटाला दोन फाटे फुटतात.
तिथे मुहन्ना बसला होता,
जमिनीत रोवलेल्या काठीची सावली बघत.
न बोलता त्याने चिंधी पुढे केली.
माझी अरबी साइटवरची:
यल्ला, खलास, बुकरा.
त्याची जरा जुन्या नाण्यांसारखी,
कळते, पण हातात धरून बघावी लागते.

तुमच्या गावाला नदी आहे?
आहे म्हटलं. दोन आहेत. समोरासमोर येऊन भेटतात.
नेहमी असतात?
नेहमी.
तो मान हलवत राहिला, कीव केल्यासारखा.
आमची असत नाही, म्हणाला. आमची येते.

सावली एका दगडाला टेकली.
तो उठला, एका फाट्याच्या तोंडातला चिंध्यांचा बोळा
काढून दुसऱ्यात कोंबला,
आणि पाणी, कुरकुर न करता,
दुसऱ्या बागेकडे वळलं.
अर्धा तास म्हणजे एक अथर.
या घराचा दीड, त्या विधवेचा एक, मशिदीचा एक.
कुणी विकतो, कुणी आजोबांकडून मिळवतो.

मी सांगितलं, खुणांनीच जास्त,
की माझंही काम हेच.
टाइमकीपर. सातशे माणसं.
यंत्रावर बोट टेकवतात, आत येतात,
बोट टेकवतात, बाहेर जातात.
सोळा मिनिटं उशीर झाला
तर अर्धा तास कापायचा.

मुहन्नाने काठीवरची नजर काढली.
कापलेला तो अर्धा तास, त्याने विचारलं,
कुणाच्या बागेत जातो?

मला तेवढी अरबी येत नव्हती.

चेन बसवली. हात कोपरापर्यंत काळे.
त्याने ते पाटात धुऊ दिले नाहीत,
खाली लोक पितात म्हणाला,
तांब्यातून बाहेर ओतलं, बेताने,
मग ओले हात तसेच असताना
तीन खजूर थेट माझ्या तोंडाशी धरले,
लहान मुलाला भरवतात तसे.

समाइलपर्यंत गेलोच नाही.
तिसरी बी गालात धरून
फंजाकडे वळलो.
उतार होता, पायडल थांबवले,
मागचं चाक टिकटिकत राहिलं,
तेही मला आज मोजल्यासारखं वाटेना.
बागेपलीकडे कुणीतरी पंप चालू केला आणि बंद केला.
एक बकरी रस्त्याच्या मधोमध बसून होती.
तिच्या उठण्याची वाट पाहिली.
ती उठली नाही. मी बाजूने गेलो.

खांबापाशी ती चप्पल नव्हती.
कुणीतरी उजव्या पायाने
इथवर लंगडत येऊन गेलं असावं,
आणि गेलं असावं
नीट, दोन्ही पायांनी.